घड तोच, मणी एक कमी: कॉन्जुगेट ॲसिड-बेसची जोडी कशी ओळखायची

जून-जुलैत निफाड, दिंडोरी, चांदवडकडची मुलं अकरावी-बारावीसाठी नाशकात येतात. कोणी गंगापूर रोडच्या बाजूला खोली घेतं, कोणी पहाटेच्या एसटीने सीबीएसला उतरून कॉलेज रोडपर्यंत चालत येतं. बऱ्याच जणांचं दहावीपर्यंतचं विज्ञान मराठीतून झालेलं असतं आणि इथे आल्यावर सगळंच इंग्रजीत. बारावीच्या केमिस्ट्रीतला 'आयनिक इक्विलिब्रिया' हा तिसरा धडा उघडला की पहिल्या काही पानांतच 'कॉन्जुगेट' हा शब्द समोर येतो. मग मुलं जोड्या पाठ करायला घेतात. अमोनियाचा अमोनियम, क्लोराइडचं हायड्रोक्लोरिक, अशी वीस-पंचवीस नावांची यादी भिंतीवर चिकटते. परीक्षेत मात्र यादीबाहेरचं नाव येतं.

मी या मुलांना शिकवते, आणि पहिल्या दिवशी ती यादी भिंतीवरून काढायला सांगते. इथे पाठ करण्यासारखं काही नाही. दोन गोष्टी मोजता आल्या पाहिजेत, हायड्रोजन आणि चार्ज.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मराठी पाठ्यपुस्तकात ॲसिडला आम्ल आणि बेसला आम्लारी म्हणतात. क्षार म्हणजे सॉल्ट, जसं मीठ. पण तुम्ही हिंदीतले व्हिडिओ पाहत असाल तर तिथे क्षार आणि क्षारक हे शब्द अल्कली आणि बेससाठी येतात, आणि सॉल्टला लवण म्हणतात. एकच शब्द दोन भाषांत दोन अर्थांनी ऐकून हुशार मुलंही चुकलेली मी पाहिली आहेत. व्हिडिओ बघा, पण वहीत लिहिताना आम्लारी किंवा सरळ बेस लिहा. कॉन्जुगेटला मराठीत संयुग्मी म्हणतात, म्हणजे जोडीतला. वर्गात सगळे कॉन्जुगेटच म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहिते.

नववी-दहावीत शिकलेली व्याख्या स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांची आहे. पाण्यात हायड्रोजन आयन देतं ते आम्ल, हायड्रॉक्साइड आयन देतं ती आम्लारी. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. अमोनियाच्या रेणूत हायड्रॉक्साइड नाहीच, तरी अमोनियाचं पाणी लाल लिटमस निळा करतं. ते हायड्रॉक्साइड आलं कुठून? १९२३ साली डेन्मार्कचे योहानेस ब्रॉन्स्टेड आणि इंग्लंडचे थॉमस लाउरी यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, प्रश्न वेगळ्या बाजूने पाहिला. प्रोटॉन देतो तो ॲसिड, प्रोटॉन घेतो तो बेस. प्रोटॉन म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजन, एक धन चार्ज असलेला. या व्याख्येत ॲसिड किंवा बेस ही पदार्थाची कायमची जात राहत नाही, त्या क्षणी त्याने काय केलं यावर ते ठरतं. अमोनिया पाण्याकडून प्रोटॉन घेतो, आणि पाण्याचं जे उरतं ते हायड्रॉक्साइड. कोडं सुटलं.

द्राक्षबागेत वाढलेल्या मुलांना मी घडाचं उदाहरण देते. विरळणी करताना घडातून एक मणी काढला तर तो घड वेगळा होत नाही. घड तोच, मणी एक कमी. ॲसिड म्हणजे मण्यासकटचा घड, आणि त्याचा कॉन्जुगेट बेस म्हणजे तोच घड, एक मणी काढलेला. उलटं, बेसला एक मणी जोडला की त्याचं कॉन्जुगेट ॲसिड. दोन मणी निघाले तर ती जोडी नव्हे. फरक बरोबर एका प्रोटॉनचा हवा. उदाहरणाला एक मर्यादा आहे, तीही ध्यानात ठेवा. बागेत काढलेला मणी जमिनीवर पडतो, पण पाण्यात सुटा प्रोटॉन कुठेच पडून राहत नाही. देणारा आहे तिथे घेणारा असतोच. म्हणून प्रत्येक समीकरणात एक नाही, दोन जोड्या असतात.

आता वही उघडा. मी इथे नावं लिहिते, तुम्ही प्रत्येक नावाखाली त्याचं सूत्र स्वतः लिहा आणि चार्ज वर कोपऱ्यात ठळक काढा. जिथे चार्ज नाही तिथे सुरुवातीचे काही दिवस शून्य लिहायची लाज बाळगू नका. चार्ज न लिहिलेलं सूत्र हे या धड्यातल्या निम्म्याहून जास्त चुकांचं मूळ आहे, असं मला पेपर तपासून तपासून वाटतं.

पहिली पायरी: बाणापलीकडचा सोबती शोधा

अमोनिया + पाणी ⇌ अमोनियम + हायड्रॉक्साइड

डावीकडचा एक पदार्थ घ्या, समजा अमोनिया. उजवीकडे त्याच्यासारखा दिसणारा कोण? नायट्रोजन असलेला अमोनियम. म्हणजे ही एक जोडी. उरले पाणी आणि हायड्रॉक्साइड, ती दुसरी जोडी. जोडीतले दोघे नेहमी बाणाच्या दोन बाजूंना असतात, एकाच बाजूला कधीच नाही. अमोनिया आणि पाणी शेजारी लिहिलेले दिसतात म्हणून त्यांची जोडी लावणारी मुलं दरवर्षी भेटतात. शेजारी असणं म्हणजे त्यांच्यात देवाणघेवाण झाली, एवढंच. जोडी म्हणजे तोच पदार्थ, देण्याआधीचा आणि दिल्यानंतरचा.

दुसरी पायरी: जमाखर्च मांडा

जोडीतल्या दोघांचे हायड्रोजन मोजा, मग चार्ज.

अमोनिया: हायड्रोजन ३, चार्ज ०
अमोनियम: हायड्रोजन ४, चार्ज +१

पाणी: हायड्रोजन २, चार्ज ०
हायड्रॉक्साइड: हायड्रोजन १, चार्ज −१

ज्याच्याकडे हायड्रोजन एक जास्त, तो ॲसिड. तर अमोनियम ॲसिड आणि अमोनिया बेस, पाणी ॲसिड आणि हायड्रॉक्साइड बेस. चार्ज पडताळणीसाठी आहे. ॲसिडचा चार्ज बेसपेक्षा बरोबर एकने जास्त यायलाच हवा. नाही आला तर जोडी चुकली किंवा सूत्र चुकलं. पेपरात उत्तर बरोबर आहे की नाही हे स्वतःच तपासता येणं फार मोलाचं आहे, आणि या प्रश्नात ती सोय आयती मिळते.

ऋण आकड्यांशी जरा सांभाळून. फॉस्फेटचा चार्ज −३. त्याला एक प्रोटॉन दिला तर −३ आणि +१ मिळून −२ होतात. घाईत मुलं −४ लिहितात, कारण "एक वाढला" एवढंच डोक्यात राहतं. वाढला तो धन चार्ज, म्हणून ऋण कमी झालं.

समीकरणच दिलं नसेल तर

"अमुकचा कॉन्जुगेट बेस लिहा" असा एका गुणाचा प्रश्न येतो. बेस विचारला तर एक हायड्रोजन काढा आणि चार्ज एकने कमी करा. ॲसिड विचारलं तर एक हायड्रोजन जोडा आणि चार्ज एकने वाढवा. हायड्रोजन क्लोराइडचा कॉन्जुगेट बेस क्लोराइड. पाण्याचं कॉन्जुगेट ॲसिड हायड्रोनियम, म्हणजे तीन हायड्रोजन आणि +१. पाण्याचा कॉन्जुगेट बेस हायड्रॉक्साइड. पाण्याला दोन्ही बाजूंनी सोबती आहेत, कारण पाणी देतंही आणि घेतंही. हायड्रोजन क्लोराइडसमोर पाणी बेस होतं आणि अमोनियासमोर ॲसिड. अशा दुहेरी वागणाऱ्या पदार्थांना अँफोटेरिक म्हणतात, मराठीत उभयधर्मी.

यातून एक सापळा तयार होतो. हायड्रोनियम आणि हायड्रॉक्साइड ही जोडी आहे का? एक पक्कं ॲसिड, एक पक्का बेस, दोघेही पाण्यापासून आलेले, म्हणून हात पटकन "हो" लिहितो. मोजा. हायड्रोनियममध्ये हायड्रोजन तीन, हायड्रॉक्साइडमध्ये एक. फरक दोनचा. जोडी नाही. दोघांच्या मध्ये पाणी उभं आहे. सल्फ्युरिक ॲसिड आणि सल्फेट यांचंही तेच. सल्फ्युरिक ॲसिडचा कॉन्जुगेट बेस हायड्रोजन सल्फेट, चार्ज −१. सल्फेट हा त्या हायड्रोजन सल्फेटचा कॉन्जुगेट बेस. हा प्रश्न वस्तुनिष्ठ परीक्षांमध्ये फार आवडीने विचारतात, आणि चार पर्यायांत सल्फेट ठेवलेलाच असतो.

सोडियम हायड्रॉक्साइडचं कॉन्जुगेट ॲसिड विचारलं की मुलं गडबडतात. पाण्यात विरघळल्यावर सोडियम बाजूला उभा राहतो, तो काही घेत नाही की देत नाही. प्रोटॉन घेणारा आहे हायड्रॉक्साइड, आणि त्याचं कॉन्जुगेट ॲसिड पाणी. असा आयनांचा पदार्थ दिसला, मग तो बेस असो की क्षार, आधी त्याचे आयन सुटे करून लिहायची सवय लावा. सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, नायट्रेट हे बहुतेक वेळा नुसते प्रेक्षक असतात.

कोणता मणी निघतो?

ही पायरी पुस्तकं घाईने उरकतात आणि खरी अडचण इथेच असते. ॲसिटिक ॲसिडमध्ये, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लात, हायड्रोजन चार आहेत. त्यातला कोणता जातो? कार्बनला चिकटलेले तीन जागचे हलत नाहीत. ऑक्सिजनला चिकटलेला एक जातो. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे त्याच्याजवळच्या हायड्रोजनची पकड ढिली होते. शिवाय तो गेल्यावर उरलेला ऋण चार्ज दोन ऑक्सिजनमध्ये वाटला जातो, एकट्यावर भार राहत नाही. म्हणून ॲसिटेट लिहिताना कार्बनकडचे तीन हायड्रोजन जसेच्या तसे ठेवा आणि शेवटचा काढा.

आपल्या द्राक्षातलं मुख्य आम्ल टार्टारिक ॲसिड, सोबत मॅलिक ॲसिड. चिंचेतही टार्टारिकच. त्याच्या रेणूत हायड्रोजन सहा, पण ॲसिड म्हणून सहज सुटणारे दोनच, कारण कार्बोक्झिल गट, म्हणजे ॲसिटिक ॲसिडच्या टोकाला असतो तसे दोन ऑक्सिजनवाले गट, दोन आहेत. पायऱ्या अशा: टार्टारिक ॲसिड, हायड्रोजन ६, चार्ज ०. मग बायटार्ट्रेट, हायड्रोजन ५, चार्ज −१. मग टार्ट्रेट, हायड्रोजन ४, चार्ज −२. मधला बायटार्ट्रेट वरच्याचा कॉन्जुगेट बेस आहे आणि खालच्याचं कॉन्जुगेट ॲसिड. वाइन थंड केली की टाकीच्या तळाशी आणि भिंतींवर जे खडे जमतात ते पोटॅशियम बायटार्ट्रेटचे. म्हणजे हा मधल्या पायरीवरचा पदार्थ आपल्याच जिल्ह्यात टाक्यांमधून खरवडून काढला जातो. बेकिंगमध्ये क्रीम ऑफ टार्टर म्हणून मिळतो तोही हाच. तिथे त्याचं काम प्रोटॉन देण्याचं असतं. खाण्याच्या सोड्यातला हायड्रोजन कार्बोनेट तो प्रोटॉन घेऊन कार्बोनिक ॲसिड होतो, ते लगेच फुटून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि पीठ फुगतं.

एक वेगळं उदाहरण, फसवणारं. फॉस्फरस ॲसिडमध्ये हायड्रोजन तीन, पण देता येणारे दोनच, कारण एक थेट फॉस्फरसला जोडलेला आहे. फॉस्फोरिक ॲसिडमध्ये मात्र तीनही ऑक्सिजनला, म्हणून तीनही सुटू शकतात. नुसत्या सूत्रावर विसंबू नका, शक्य असेल तिथे रचना काढा.

जोडीत जोर कोणाचा?

जोडी ओळखता आली की पुढचा प्रश्न ताकदीचा. ॲसिड जितकं जोरदार, तितका त्याचा कॉन्जुगेट बेस दुबळा. कारण सोपं आहे. ज्याने प्रोटॉन सहज सोडला त्याला तो परत घ्यायची ओढ नसते. हायड्रोक्लोरिक ॲसिड पाण्यात जवळजवळ सगळे प्रोटॉन देऊन टाकतं, म्हणून क्लोराइड बेस म्हणून नावालाच. मिठाच्या पाण्याचा लिटमसवर परिणाम होत नाही, त्यामागे हेच आहे.

पण इथून मुलं एक उडी मारतात, "दुबळ्या ॲसिडचा कॉन्जुगेट बेस जोरदार." हे वाक्य काही वह्यांमध्येही लिहिलेलं सापडतं, आणि ते चूक आहे. आकडे बघा. केए म्हणजे ॲसिड पाण्यात किती प्रमाणात प्रोटॉन देतं याचा आकडा, केबी म्हणजे बेस किती प्रमाणात घेतो याचा; आकडा मोठा तितका जोर जास्त. २५ अंश सेल्सिअसला एका जोडीतल्या ॲसिडचा केए आणि बेसचा केबी यांचा गुणाकार १०चा उणे १४ घात येतो. ॲसिटिक ॲसिडचा केए १.८ × १०चा उणे ५ घात. भागाकार केला तर ॲसिटेटचा केबी साधारण ५.६ × १०चा उणे १० घात. हा आकडा फार लहान आहे. ॲसिटेटही दुबळाच बेस. क्लोराइडपेक्षा जोरदार, एवढंच खरं. "तुलनेने" हा शब्द या वाक्यात घातल्याशिवाय ते लिहू नका.

समीकरण कुठल्या बाजूला झुकेल हेही यावरून कळतं. ॲसिटिक ॲसिड आणि अमोनिया एकत्र आले तर ॲसिटेट आणि अमोनियम तयार होतात. दोन बाजूंना दोन ॲसिड आहेत, डावीकडे ॲसिटिक आणि उजवीकडे अमोनियम. अमोनियमचा केए ५.६ × १०चा उणे १० घात, म्हणजे ते कितीतरी दुबळं. समतोल नेहमी दुबळ्या ॲसिडच्या बाजूला झुकतो. दोन केएंचा भागाकार केला तर समतोल स्थिरांक सुमारे ३२ हजार येतो, म्हणजे बाण उजवीकडे चांगलाच झुकलेला आहे.

घरचा सामू

दिंडोरीकडच्या एका मुलीने मला विचारलं होतं, "मॅडम, पप्पा फवारणीआधी पाण्याचा सामू बघतात, तो आणि हा पीएच एकच का?" एकच. कृषी विभागाच्या पत्रकांत आणि बागांमध्ये सामू म्हणतात तोच पीएच. डेन्मार्कच्याच सोरेन्सन यांनी १९०९ साली ही मोजपट्टी मांडली.

बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट, म्हणजेच हायड्रोजन कार्बोनेट, जास्त असतील तर सामू चढा येतो, आणि काही औषधं तशा पाण्यात लवकर निष्प्रभ होतात. म्हणून टाकीत सायट्रिक ॲसिड टाकून सामू खाली आणतात. टाकीत होतं काय ते आता तुम्हीच सांगू शकाल. सायट्रिक ॲसिड प्रोटॉन देतं, हायड्रोजन कार्बोनेट घेतो. हायड्रोजन कार्बोनेट: हायड्रोजन १, चार्ज −१. घेतल्यावर कार्बोनिक ॲसिड: हायड्रोजन २, चार्ज ०. ती एक जोडी. सायट्रिक ॲसिड आणि एक प्रोटॉन गमावलेला डायहायड्रोजन सायट्रेट ही दुसरी. ज्या मुलांना वर्गात हे समीकरण परकं वाटतं त्यांच्या घरी ते दर हंगामात दोनशे लिटरच्या ड्रममध्ये घडत असतं.

हात बसवायला

खालचे प्रश्न आधी स्वतः सोडवा, मग उत्तर बघा.

हायड्रोजन सल्फाइडचा कॉन्जुगेट बेस? हायड्रोजन २ वरून १, चार्ज ० वरून −१, म्हणजे हायड्रोसल्फाइड. सल्फाइड लिहिला असेल तर दोन मणी काढलेत.

मोनोहायड्रोजन फॉस्फेटचं कॉन्जुगेट ॲसिड? चार्ज −२ वरून −१, म्हणजे डायहायड्रोजन फॉस्फेट.

अमोनियाचा कॉन्जुगेट बेस? अमोनिया बेस म्हणूनच ओळखीचा असल्यामुळे इथे मुलं थबकतात. नियम तोच. हायड्रोजन ३ वरून २, चार्ज −१, अमाइड आयन. पाण्यात तो टिकत नाही, पाण्याकडून लगेच प्रोटॉन हिसकावून पुन्हा अमोनिया होतो, पण जोडी म्हणून उत्तर बरोबर आहे.

मिथिल अमाइनचं कॉन्जुगेट ॲसिड? प्रोटॉन नायट्रोजनवर बसतो, कार्बनवर नाही. मिथिल अमोनियम, चार्ज +१.

हायड्रोजन सायनाइड + कार्बोनेट ⇌ सायनाइड + हायड्रोजन कार्बोनेट. जोड्या लावा. हायड्रोजन सायनाइड ॲसिड आणि सायनाइड त्याचा बेस, कार्बोनेट बेस आणि हायड्रोजन कार्बोनेट त्याचं ॲसिड.

शेवटचा थोडा अवघड आहे, पण सुटला की धडा हातात आला असं समजा. पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की पाणी गढूळ होतं आणि घरोघरी तुरटी फिरवतात. तुरटीतला ॲल्युमिनियम पाण्यात एकटा राहत नाही, त्याच्याभोवती पाण्याचे सहा रेणू चिकटतात आणि सगळ्या गटाचा चार्ज +३ असतो. या गटाचा कॉन्जुगेट बेस लिहा. सहा पाण्यांचे मिळून हायड्रोजन १२. एका पाण्यातून एक प्रोटॉन गेला की ११ उरतात, पाच पाणी आणि एक हायड्रॉक्साइड, चार्ज +२. ज्याने तो घेतला त्या पाण्याचं हायड्रोनियम झालं, म्हणून तुरटीचं पाणी निळा लिटमस लाल करतं. नदीच्या पाण्यातले बायकार्बोनेट हे प्रोटॉन पुढे घेत राहतात. दुसरा गेला की +१, तिसरा गेला की ०. चार्ज संपलेला हा गट पाण्यात विरघळून राहू शकत नाही. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा चिकट साका होतो आणि गाळाचे कण पोटात घेऊन हंड्याच्या तळाशी बसतो.